नुसतं खेळवतात, त्यासाठी पैसे कशाला?

“माझा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. आई, बाबा, मम्मं, भूभू असे मोजून आठ-दहा शब्द बोलतो. काही हवं असलं की माझा हात धरून तिथे नेतो आणि वस्तूवर ठेवतो. मनासारखं झालं नाही की जमिनीवर डोकं आपटतो. जेवताना मोबाईल लागतो, त्यावर ऐकून एबीसीडी आणि वन टू टेन मात्र पाठ आहे. सासूबाई म्हणतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. त्या रोज जिभेला वेखंड लावतात. शेजारच्या काकूंनी पोपटाने उष्टावलेला पेरू आणून दिला, तोही खाऊ घातला. कुणी म्हणतं जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पीच थेरपी लावायला सांगितली. दीड महिना आठवड्यातून दोनदा नेतेय. पण दाराच्या काचेतून बघते तर मॅडम नुसते साबणाचे फुगे उडवत बसलेल्या असतात. मिस्टर म्हणतात, खेळवायला पैसे कशाला, घरी आपणही खेळवू. आता मॅडमनी कानाची तपासणी आणि मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय, त्यावरून घरात भांडण झालं. थेरपी बंद करू का? मी नोकरीला जाते, पिल्लूला वेळ देत नाही, म्हणून हे झालं का?”
— एक आई, कराड (पत्र थोडक्यात)

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो प्रश्न उशाला घेऊन तुम्ही झोपत असणार. नाही. तुम्ही नोकरीला जाता म्हणून पिल्लूचं बोलणं अडलेलं नाही. शाळा, बँक, शेत, दवाखाना सांभाळणाऱ्या आयांची मुलं वेळेवर बोलतात, आणि चोवीस तास घरात असलेल्या आयांची मुलं माझ्याकडे थेरपीला येतात. वीस वर्षं स्पीच थेरपीचंच काम करतेय, पण आईच्या नोकरीमुळे मुका राहिलेला मुलगा मला अजून भेटलेला नाही. हे ओझं आधी खाली ठेवा. पुढचं काम रिकाम्या हाताने करायचं आहे.

थेरपी बंद करू नका. तुमच्या मिस्टरांचं एक वाक्य मात्र मला फार आवडलं, ‘घरी आपणही खेळवू.’ थेरपी तेवढ्यासाठीच असते. आठवड्यातून पाऊण तासाची दोन सेशन म्हणजे दीड तास. पिल्लू दिवसाला बारा तास जागा असतो असं धरलं, तर आठवड्याचे चौऱ्याऐंशी तास होतात. त्यातले साडेब्याऐंशी तास तो तुमच्याकडे असतो. थेरपिस्ट दीड तासात मुलाला बोलायला शिकवू शकत नाही. त्या दीड तासात ती मुलाचं कुठे अडलंय ते शोधते आणि उरलेल्या साडेब्याऐंशी तासांत घराने काय करायचं ते घराला शिकवते. तुमच्या पत्रात मला एकच गोष्ट खटकली. तुम्ही काचेबाहेर उभ्या आहात. तुमची जागा आत आहे.

काचेतून तुम्हाला जे फुगे दिसले, ते मी तुम्हाला आतून दाखवते.

साबणाच्या पाण्याची बाटली असते. मी एक-दोनदा फुगे उडवते. मूल खूश होतं, हात वर करून फोडतं. मग मी झाकण मुद्दाम घट्ट लावते आणि बाटली त्याच्याच हातात देते. ते झाकणाशी खटपट करतं, दाताने ओढतं, निघत नाही. आता मी काहीच करत नाही. बोलत नाही, हात पुढे करत नाही, फक्त त्याच्या समोर जमिनीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून राहते आणि मनात आकडे मोजते. एक, दोन, तीन, चार. कधी दहापर्यंत जावं लागतं. मग मूल बाटली माझ्या हातात कोंबतं. अजून मी थांबते. मग ते मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघतं. आणि कधी तिसऱ्या, कधी तेराव्या सेशनला, त्याच्या तोंडून ‘उ’ असा काहीतरी आवाज निघतो. त्याच क्षणी मी “उघड! उघडलं!” म्हणत झाकण काढते आणि फुग्यांचा ढग सोडते.

काचेबाहेरून हा खेळ दिसतो. आत त्या मुलाला पहिल्यांदा कळलेलं असतं की वस्तू मिळवायची तर वस्तूशी झुंजून उपयोग नाही, माणसाकडे वळायचं असतं. माणसाच्या तोंडाकडे बघायचं, आवाज काढला की समोरचा हलतो. आपला आवाज कामाला येतो. हे एकदा कळलं की शब्दांना यायला वाट मिळते. हे न कळताच शब्द पाठ करून घेतले, तर एबीसीडी येते आणि पाणी मागता येत नाही.

तुमचं पिल्लू नेमकं तिथेच आहे. वन टू टेन त्याला येतं, पण ते त्याने कुणाला सांगायचं म्हणून म्हटलेलं नसतं. ते त्याचं गाणं आहे. उलट तुमचा हात धरून फ्रीजपर्यंत नेणं, हे खरं ‘सांगणं’ आहे. अर्धवट आहे, पण खरं आहे. बोलणं आणि सांगणं या दोन गोष्टी मी नेहमी वेगळ्या धरते. आधी सांगणं येतं: बघून, हात पसरून, बोट दाखवून, ओढून, मान हलवून. बोलणं त्याच्यावर बसतं. म्हणून थेरपिस्ट पहिले काही आठवडे शब्दांच्या मागेच लागत नाही आणि बाहेर बसलेल्यांना वाटतं, काही शिकवतच नाहीत.

आता घरातलं. तुम्ही मोठ्या कौतुकाने लिहिलंय की त्याने नुसतं फ्रीजकडे बघितलं तरी तुम्हाला दूध हवंय ते कळतं. आई म्हणून हे किती मोलाचं आहे ते मला माहीत आहे. पण त्याच्या बाजूने बघा. त्याला सांगायची वेळच येत नाही. मी दूध अडवून धरायला सांगत नाहीये. ‘बोल, तरच देते’ हे कधीही करू नका, त्याने मूल रडतं आणि बोलण्याचाच राग धरतं. फक्त पाच आकडे थांबा. कपात दोनच घोट दूध घाला आणि कप त्याच्या हातात द्या. संपेल. तुम्ही त्याच्यासमोर खाली बसा, दुधाचं पातेलं हातात, चेहऱ्यावर ‘आता काय?’ असा भाव आणि तोंड बंद. तो कप पुढे करेल, तुमच्याकडे बघेल, ‘अं’ करेल. जे काही करेल ते बोलणं समजा. “अजून! अजून दूध” म्हणा आणि ओता, पुन्हा दोनच घोट. एका कपात अशा आठ संधी होतात. काहीच केलं नाही तरी पाच आकड्यांनंतर शब्द तुम्ही म्हणा आणि दूध द्या.

गंमत म्हणजे हे पाच आकडे थांबणं आयांना सगळ्यात जड जातं. आपण मराठी बायका भराभर बोलतो. “काय हवं माझ्या सोन्याला, दूध हवं का, बिस्कीट हवं का, सांग ना, बोल ना, दूध म्हण, म्हण दूध!” यात मुलाला आत शिरायला फटच उरत नाही. मी सेशनमध्ये आयांना तळहात मांडीखाली घालून बसायला सांगते.

आणि प्रश्न कमी करा. ‘हे काय? ते काय? भूभू कसा करतो? काकांना टाटा कर’ ही परीक्षा झाली. बोलता न येणाऱ्या मुलाला दिवसभर परीक्षा दिली तर ते तोंड मिटतं किंवा उठून जातं. त्याऐवजी तो जे बघतोय त्याबद्दल एक छोटं वाक्य बोला आणि गप्प बसा. खिडकीतून रस्ता दिसतो ना? “गाडी आली.” थांबा. “ट्रक आला.” थांबा. “विमान आलं!” आपली भाषा इथे किती सुंदर काम करते बघा. आली, आला, आलं. कुणीही व्याकरण न शिकवता मूल या तीन शेपट्या कानाने उचलतं, पण त्यासाठी त्या त्याला सुट्या सुट्या, पुन्हा पुन्हा ऐकू याव्या लागतात. म्हणून वाक्य लहान ठेवा पण मोडकं नको. ‘बाळ दूदू पी’ नको, ‘बाळ दूध पितंय’ म्हणा. तो ‘गाडी’ म्हणाला की तुम्ही एकच पाऊल पुढे जा, “गाडी गेली.” लांब व्याख्यान नको.

शब्द निवडताना रंग, फळं, प्राण्यांचे तक्ते बाजूला ठेवा. दे, ये, नको, अजून, उघड, संपलं, झालं, मला, वर, गेलं. ज्या शब्दाने त्याचं काही काम होतं, तो शब्द टिकतो. ‘नको’ तर आधी शिकवा. डोकं आपटणारी बरीच मुलं खरं म्हणजे ‘नको’ म्हणत असतात. हात आडवा हलवून ‘नको’ दाखवायला आलं की आपटणं कमी होताना मी पुष्कळदा पाहिलंय. हाताच्या खुणा किंवा चित्रं वापरली की मूल आळशी होईल आणि बोलणारच नाही, अशी भीती घरोघरी असते. तसं होत नाही. खूण किंवा चित्र बोलण्याची जागा घेत नाही, मूल बोलायला लागेपर्यंत त्याची कोंडी होऊ देत नाही एवढंच. पुढे गरज पडलीच, तर चित्रांवर बोट ठेवलं की शब्द बोलणारी अ‍ॅप्स आहेत. त्यातलं ‘जेलो’ आयआयटी मुंबईत तयार झालंय आणि ते मोफत मिळतं. पण ते आत्ता नको, तुमच्या मॅडम सांगतील तेव्हा.

आता कानाची तपासणी. तुम्ही लिहिलंय, ‘जाहिरात लागली की दुसऱ्या खोलीतून धावत येतो, मग ऐकू येत नाही असं कसं?’ ताई, हे वाक्य मी हजारदा ऐकलंय आणि दर वेळी हात जोडून सांगते, तपासणी कराच. जाहिरातीचं संगीत मोठं असतं, ओळखीचं असतं. बोलण्यातले ‘आ’, ‘ओ’ हे स्वरही जोरकस असतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हे आवाज बारीक आणि हलके. ते ऐकू आले नाहीत तरी मूल हाकेला वळतं, दार वाजलं की बघतं, आणि भाषा मात्र त्याच्यापर्यंत अर्धीमुर्धी पोचते. शिवाय सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधी कधी पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. अशा मुलाला आपलं बोलणं उशीखालून ऐकल्यासारखं ऐकू येतं. आणि यावर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे इलाज असतो.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नाही. ओएई तपासणीत कानात छोटा बोंडासारखा तुकडा ठेवतात, काही मिनिटांत होते. बेरा तपासणीत कपाळाला आणि कानामागे चिकटपट्ट्या लावतात आणि मूल झोपलेलं असताना कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघतात. या वयाची मुलं बऱ्याचदा तिथे आपणहून झोपत नाहीत, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेचं औषध देतात. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा आणि गाडीत झोपू देऊ नका, म्हणजे तिथे गेल्यावर लवकर झोपेल. खरं तर थेरपी सुरू करण्याआधीच ही तपासणी व्हायला हवी होती. आता लांबवू नका.

विकासाच्या डॉक्टरांचं नाव काढल्यावर घरात भांडण का झालं, तेही मला कळतं. ‘आमच्या मुलाला तसलं काही नाही.’ ऑटिझम (स्वमग्नता) हा शब्द कुणी उच्चारला नसेल, पण सगळ्यांच्या मनात तोच आला असेल. पत्र वाचून मी निदान करणार नाही, कुणीही करू नये. दोन-तीन गोष्टी मात्र बघून घ्यायलाच हव्यात. तो बोट दाखवण्याऐवजी तुमचा हात वापरतो. हाकेला ओ देतो की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चिमणी दिसली तर ‘तूही बघ’ म्हणून तो तुमच्याकडे वळून बघतो का, तेही लिहिलेलं नाही. या गोष्टी घरी आठवडाभर नीट बघा आणि डॉक्टरांना सांगा. काही निघालं नाही तर मनावरचा दगड उतरेल. निघालं तर ते तीन वर्षं पूर्ण होण्याआधी कळलेलं असेल, आणि या वयात सुरू केलेल्या मदतीचा हात फार लांब पोचतो. निदानाने तुमचं पिल्लू बदलत नाही. सकाळी फ्रीजकडे ओढत नेणारा तोच मुलगा संध्याकाळी घरी येतो.

सासूबाईंचंही ऐका, कारण त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितलीय. उशिरा बोलणं काही घराण्यांत चालत येतं, तेव्हा बाबा उशिरा बोलले हे थेरपिस्टला आवर्जून सांगा. पण ‘बाप बोलला म्हणून हाही बोलेल’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांकडे पन्नासेक शब्द असतात आणि ‘बाबा गेले’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द ती जोडायला लागतात. जी मुलं मागे असतात त्यातली बरीच आपोआप वेग पकडतात हे खरं, पण कुठली पकडतील आणि कुठली नाही, हे आधी सांगता येत नाही. वाट बघून चुकलं तर वर्ष जातं. थेरपी करून चुकलं तर पिल्लू थोडं जास्त खेळलेलं असतं.

वेखंड बंद करा. जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात आणि बोलण्यासाठी त्याचा उपयोग नाही. पोपटाच्या पेरूचं मला वाईट वाटत नाही, त्यामागची माया खरी आहे, पण पक्ष्याचं उष्टं मुलाला देऊ नका. काकूंना सांगा, पेरू आणा आणि त्याच्यासमोर बसून “काप, काप, काप... दे!” असा खेळ खेळा. पिल्लूला काकूंचा उपयोग होईल. जिभेचं म्हणाल, तर जिभेखालचा पडदा आखूड असल्याने एखादा उच्चार अडखळू शकतो, शब्दच येत नाहीत असं होत नाही. थेरपिस्ट आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नीट बघितल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून कापाकापी करू नका. आणि पुढे तो बोलायला लागला की काकाला ‘ताता’ आणि रामाला ‘लाम’ म्हणेल, तेव्हा हसू नका, सुधारत बसू नका. ‘र’ आणि ‘ळ’ जमायला मुलांना वेळ लागतो.

मोबाईल. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सचं सांगणं आहे की दोन वर्षांच्या आत पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास. मोबाईलमुळे पिल्लूचं असं झालं, असं मी म्हणणार नाही. पण मोबाईल थांबत नाही, डोळ्यांत बघत नाही, त्याच्या ‘उ’ला उत्तर देत नाही. तो जेवतो ती वीस मिनिटं सगळ्यात मोठी संधी असते आणि ती पडद्याकडे जातेय. एकदम सगळं तोडू नका, आधी फक्त रात्रीचं जेवण मोकळं करा. तीन-चार दिवस तमाशा होईल, जेवण कमी जाईल. सहन करा.

नर्सरी इंग्लिश माध्यमाची म्हणून घरी इंग्रजी बोलावं का, असंही तळटीपेत विचारलंय. नको. ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, गाणं गुणगुणता, त्याच भाषेत बोला. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही, पण आजी-आजोबांची मराठी काढून घेतली तर त्याच्याशी बोलणारी दोन माणसं कमी होतात.

पैशांची ओढाताण मला पत्रात दिसली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं आणि उशिरा बोलणं, कमी ऐकू येणं हे त्यांच्या यादीत आहे. साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. तपासणी आणि थेरपी तिथे मोफत असते. मुंबईला जाणं-येणं असेल तर वांद्रे रिक्लेमेशनची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग आहे. आत्ताच्या मॅडमचं शिक्षणही विचारून घ्या, बीएएसएलपी, म्हणजे वाचा-श्रवण उपचारांची पदवी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. चांगल्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि ‘तीन महिन्यांत बोलता करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मीही तुम्हाला तारीख देणार नाही, देता येत नाही.

पुढच्या सेशनला मॅडमना सांगा, ‘मला आत बसायचंय, आणि एकदा याच्या बाबांनाही बसवा.’ बाबांना बाहेरून समजावू नका, बाटलीचं झाकण त्यांच्याच हातात येऊ द्या. एक साधी वही घ्या. त्यात शब्द मोजू नका. आज त्याने काय, कुणाला आणि कसं सांगितलं, तेवढी एक ओळ रोज लिहा. ‘कप पुढे केला, माझ्याकडे बघितलं.’ ‘आजीला ओढून दारापर्यंत नेलं, चप्पल दाखवली.’ कानाचा रिपोर्ट आला की त्यासोबत या वहीची महिनाभराची पानं मला पाठवा. पुढचं आपण त्यावरून बोलू.